कैवारीला किती प्राण द्यावेत

रविवार, ४ फेब्रुवारी

आई आज परत मेल्या!

म्हणजे आमच्या रविवारच्या खेळातलं त्यांचं पात्र; मी गोष्ट सांगते आणि राक्षस चालवते, बाकीचे तिघं फासे टाकत एकेक पात्र खेळतात. सासूबाई स्वतः धडधाकट आहेत, आत्ता स्वयंपाकघरात भांडी लावताहेत. भांड्यांच्या आवाजावरून कळतंय, रागावलेल्या नाहीत. पण टेबलावरून उठल्याच ना! पुलावर राक्षस आले. पहिल्याच फेरीत ह्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या, जादूगारावर वार झाला, आई म्हणाल्या, "मी घेते." वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईच्या योद्ध्यावर झाला, "मी घेते." मग एक त्यांच्यावरच झाला आणि आटोपलं. "बरं, तुम्ही खेळा. मी बघते आत काय राहिलंय ते." आत काहीही राहिलं नव्हतं! सकाळपासून मीच सगळं आवरून ठेवलं होतं. मुद्दाम. त्यांना उठायला निमित्त मिळू नये म्हणून.

चूक माझीच. हा पेशा मी लिहिलाय. (खेळाच्या पुस्तकात त्याला क्लास म्हणतात, पण क्लास म्हटलं की आईंना शिकवणी आठवते, म्हणून आमच्या टेबलावर पेशा.) पुस्तकात योद्धा आहे, चोर आहे, जादूगार आहे, वैद्य आहे, आणि आईंना एकही पटेना. "तलवार घेऊन मी काय करू? आणि चोरी तर नाहीच." म्हणून त्यांच्यासाठी घरचा पेशा बनवला. नाव कैवारी. दुसऱ्यावरचा वार आपल्या अंगावर घ्यायचा, हीच त्याची विद्या. लिहिताना वाटलं होतं, आहाहा, काय सुचलंय! आता बघते तर ही बाई दर रविवारी मरते आणि आत निघून जाते.

आणि माझ्याकडे रविवार तरी किती उरलेत? मार्चअखेर त्या मावशींकडे राहायला जाणार. मावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. चार दिवसांसाठी नाही, कायमच्या. मला त्या इथेच हव्यात. टेबलावर रमल्या तर कदाचित बेत बदलतील, असं माझं आपलं खुळं गणित आहे.

कैवारीचे प्राण, म्हणजे मार सोसायचा आकडा, वाढवायला हवेत. वीस म्हणजे फारच कमी.


सोमवार, ५ फेब्रुवारी

ह्याला म्हटलं, तू बोल ना आईंशी. म्हणे, "तिचा निर्णय आहे. मी कोण अडवणारा?" आणि चहात बिस्कीट बुडवून बसला. बिस्कीट तुटून आत पडलं. बरं झालं!


बुधवार, ७ फेब्रुवारी

दिवसभर काचा घासल्या. मी चष्म्याच्या दुकानामागच्या कारखान्यात बसते, समोर मशीन, पाण्याची धार, फ्रेमच्या मापात काच उतरवायची. जरा जास्त घासली की सैल बसते, कमी घासली की फ्रेम तडकते. असं काम करणाऱ्या बाईला एक पेशा बरोबर मापात उतरवता येऊ नये?

प्राण वीसचे चाळीस केले. वर छातीवर चिलखत दिलं. आता मरून दाखवा!


रविवार, ११ फेब्रुवारी

मेल्या नाहीत.

आणि त्याहून वाईट झालं. कुणाच्याच केसाला धक्का लागला नाही! राक्षस वार करतोय, आई "मी घेते." साप चावतोय, "मी घेते." दुसऱ्या तासाला तर त्यांनी मटार सोलायला घेतले आणि परातीतून मान वर न करता "मी घेते, मी घेते" चालू. नर्सबाई दिवसभर वॉर्डात जखमा बांधते, म्हणून रविवारी हटकून योद्धा घेते. "इथे तरी मला कुणाला तरी पाडू दे," म्हणते. एरवी वार लागला की किंचाळते. आज जांभया देत होती. शेवटी फोन काढला. मी विचारलं तर म्हणाली, "काकू आहेत म्हटल्यावर मला भीती कसली? आणि भीतीच नसेल तर वॉर्डातच काय वाईट होतं!"

खरंच आहे. मी गुहेतला सगळ्यात मोठा राक्षस काढला, आवाज बदलला, घसा बसेपर्यंत गुरगुरले. आई म्हणाल्या, "खोकल्याचं औषध घे हो."

हसून हसून पुरेवाट झाली. पण खेळ पडला तो पडलाच. मटार संपल्यावर त्या उठल्या.


मंगळवार, १३ फेब्रुवारी

सकाळी आई जुन्या बॅगेची चेन दुरुस्त करून घेऊन आल्या. म्हणजे जायची तयारी सुरू.


गुरुवार, १५ फेब्रुवारी

जमलं! जमलं!

जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच पट मांडला. वाया गेलेल्या काचा पात्रं म्हणून ठेवल्या: हिरवट ती कैवारी, तडकलेली तो जादूगार, जाड भिंगाची ती योद्धा, आणि स्क्रूच्या डबीची झाकणं म्हणजे राक्षस. चारी बाजूंनी मीच खेळले, मीच फासा टाकला. चिलखत काढून घेतलं. प्राण तीसवर आणले. आणि खरी मेख ही, की एका लढाईत फक्त तीनदा वार अंगावर घेता येईल. चौथ्यांदा नाही म्हणजे नाही.

एक लढाई जिंकलो, एक थोडक्यात हरलो, एकीत जादूगार मेला पण बाकीचे वाचले. प्रत्येक वेळी शेवटच्या फाशापर्यंत जीव टांगणीला! मालक मागे येऊन उभे होते ते कळलंच नाही. "काय गं, नंबर जुळत नाही का?" मी म्हटलं, "आता जुळला." "कुणाचा चष्मा?" "सासूबाईंचा." "मग नीट कर बाई," म्हणाले आणि गेले.

आता रविवारी बघाच. आई उठणार नाहीत. मी पैज लावते!


रविवार, १८ फेब्रुवारी

हरले.

गुहेच्या दारात अख्खी दुपार गेली. दारात! आत कुणी पाऊलच टाकेना. का, तर आईंना तीनदाच घेता येतं. मग ते तीन जपून ठेवायचे. नर्सबाई, जी कुठल्याही राक्षसावर डोकं खाली घालून धावून जाते, ती म्हणे, "नको, मला लागलं तर काकूंचा एक वाया जाईल." हा तर जादूगाराला घेऊन झाडामागेच जाऊन बसला. "आई, तू मागे थांब. आई, तू काही करू नकोस. आई, तू फक्त उभी राहा." मी आतून आवाज काढतेय, धूर सोडतेय, शेवटी राक्षसाला दाराशी आणून उभा केला, आणि हे तिघं मागे सरकताहेत!

आईंनी पेन्सिल खाली ठेवली. आवाज चढवला नाही. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलंय त्यांचं, आवाज चढवावाच लागत नाही. "मी काय काचेचं भांडं आहे का रे? मला जपत बसायचं असेल तर कशाला बोलावता इथे?" मग ह्याच्याकडे वळून, "उद्या तिकीट बघ माझं." आणि खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

नर्सबाई ओशाळून फासे गोळा करत राहिली. मी पट आवरला.

आता सगळं डोक्यात फिरतंय. गुरुवारी इतकं बरोबर होतं! मग चुकलं कुठे? मी चारी बाजू एकटीने चालवल्या, तिथेच चुकलं! माझा जादूगार माझ्या कैवारीचा कुणीच लागत नव्हता. तडकलेली काच ती, हिरव्या काचेवर वार ढकलताना तिला काय वाटणार? इथे मुलगा बसलाय आणि आई बसलीय. मोजून तीनच म्हटल्यावर तो आईवर वार ढकलेल का? मेला तरी ढकलणार नाही. म्हणजे ज्या विद्येवर मी अख्खा पेशा उभा केला, ती विद्या ह्या टेबलावर कुणी वापरणारच नाही. कागदावर चोख, माणसात शून्य. अगदी डोक्याला हात लावला.


मंगळवार, २० फेब्रुवारी

ह्याने तिकिटं बघितली. जागा आहेत. फोन हातात घेऊन बसून राहिला, बटण काही दाबलं नाही. "उद्या काढतो." 


गुरुवार, २२ फेब्रुवारी

आज भांडण झालं. छान झालं!

लिफ्ट बंद. आई आणि मी बाजारातून येत होतो, जिन्यात मी सवयीने त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "दे इकडे." "राहू द्या हो आई, जड आहे." "मागितलं का मी? मागितलं का तुझ्याकडे?" आणि जिन्याच्या वळणावरच थांबल्या. दोघींना धाप लागलेली. पायरीवर बसलो. म्हटलं, आता बोलून घ्यावं.

"आई, रविवारचं मनावर घेऊ नका. पेशा मी परत लिहिते."

"लिहूच नकोस. ती बाई मला आवडतच नाही."

"कोण बाई?"

"तुझी ती कैवारी! दुसरा काही उद्योगच नाही तिला. नुसती मार खाते. मी अख्ख्या जन्मात एवढा मार खाल्लेला नाही जेवढा तू मला रविवारी खायला लावतेस."

मला लागलं ते. पटकन बोलून गेले, "मी तुमच्यावरूनच लिहिलीय ती!"

आई माझ्याकडे वळल्या. "माझ्यावरून? मी अशी दिसते तुला?"

दिसतातच तशा. म्हणजे दिसत होत्या. सासरे आजारी असताना सगळं केलं, कुणाला हाक मारली नाही. आम्ही लग्न होऊन आलो तेव्हा स्वतःची मोठी खोली आम्हाला दिली. मी तेवढंच बघितलं आणि त्याचा पेशा करून टाकला. त्यांना पेशा आवडतो का, हे विचारलंच नाही. हे मी सांगितलं, जसं सुचलं तसं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "खोली मी दिली कारण तिथे डास फार. आणि मला रागही येतो, सूनबाई. खूप येतो. खात्यात असताना लोक फोनवर वाट्टेल ते बोलायचे, मी 'थांबा हं, जोडते' म्हणायचे. ते सगळं कुठे गेलं असेल असं वाटतं तुला?"

घरी आल्यावर पिशव्या दारातच टाकल्या आणि दोघी टेबलावर बसलो. कैवारीचा कागद त्यांनी ओढून घेतला. पहिलंच वाक्य खोडलं! म्हणाल्या, "मागितल्याशिवाय घ्यायचं नाही. ज्याला लागलंय त्याने तोंडाने म्हणायचं, घेशील का म्हणून. मुकाट्याने नाही." मी म्हटलं, मग सगळे उठसूट मागतील. "मागणाऱ्याची त्या फेरीतली खेळी जाईल. फुकट नाही." चालेल? चालेल. तीनदाची मर्यादा काढून टाकली. आता मर्यादा मागणाऱ्याच्या तोंडात!

मग दुसरं. "घेतलेलं कुठे जातं? साठतं. आणि साठलेलं एकदा कुणाच्या तरी डोक्यात घालता आलं पाहिजे." मी म्हटलं, मान्य, पण सगळं नाही, अर्धं. "सगळं." "अर्धं हो, नाहीतर राक्षस एका फटक्यात जाईल." "जाऊ दे की." "आई, खेळ मोडेल!" भाजीवाल्याशी करतात तशी घासाघीस झाली. शेवटी ठरलं: सगळं, पण लढाईत एकदाच, आणि त्यानंतर त्यांची एक फेरी नुसती धापा टाकण्यात जाईल. "ते बरोबर आहे. रागावल्यावर मला दम लागतोच," म्हणाल्या.

प्राण सव्वीस. ते त्यांनीच सांगितले. कुठून काढले विचारलं तर म्हणे, "चाळीस म्हणजे भिंत, वीस म्हणजे पापड. सव्वीस बरं."

दूध तापायला ठेवायचं राहिलं. नासलं. कुणाला काही वाटलं नाही.


शनिवार, २४ फेब्रुवारी

तिकीट काढलं. तीस मार्च, खिडकीजवळची जागा. ह्याने जेवताना सांगितलं, पाणी मागावं अशा सुरात. आई म्हणाल्या, "खिडकी मिळाली ना? मग झालं."

उद्याचा खेळ रद्द करावा असं वाटलं. केला नाही.


रविवार, २५ फेब्रुवारी

कुठून सुरू करू!

गुहेत गेले. सगळे! नर्सबाई पुढे, आई मधे, हा मागे. दगडाचा राक्षस उठला. पहिला फटका नर्सबाईला. तिने क्षणभर विचार केला, मग आईंकडे वळून, हात जोडून, नाटकातल्यासारखं, "काकू, घेता का हो?" "दे." खेळी गेली तिची, पण जीव वाचला. परत लागलं, परत मागितलं. आई कागदावर आकडे मांडताहेत, साठवताहेत, ओठ मिटलेले.

मग राक्षस जादूगाराकडे वळला. एक फटका, हा गप्प. दुसरा फटका, हा गप्पच. मी वाट बघतेय. आई वाट बघताहेत. नियम त्यांनीच केलेला, मागितल्याशिवाय घेता येत नाही! त्यांचे हात मांडीवर, बोटांत बोटं घट्ट. तोंड उघडलं आणि मिटलं. ह्याचे चारच प्राण उरले. हा आपल्या कागदाकडे बघतोय, जसं काही त्यात काही नवीन उगवणार आहे. "बघतो मी," म्हणे. काय बघतो? दगडाच्या राक्षसासमोर काय बघणार आहेस?

नर्सबाई ओरडली, "अरे बाबा, माग ना! मरशील!"

मी फासा उचलला. तिसरा फटका लागला. ह्याने मान वर केली. चाळिशीचा माणूस आणि आवाज शाळेतल्या पोरासारखा. "आई... घेशील का गं?"

"आण इकडे," आई म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की ह्याचं वाक्यही पुरं झालं नव्हतं.

आणि मग त्यांनी साठलेलं सगळं त्या राक्षसाच्या डोक्यात घातलं! उभ्या राहून! "थांबा हं, जोडते!" असं म्हणून वीस बाजूंचा फासा असा फेकला की तो टेबलावरून उडून खुर्चीखाली गेला. आम्ही चौघं गुडघ्यांवर. नर्सबाईला सापडला. "सतरा! काकू, सतरा!" राक्षसाचे तुकडे. नर्सबाईने आईंना मिठी मारली, खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठीने ठोकलं, हा डोळे पुसत हसत होता आणि म्हणत होता की धूळ आहे. गुहेतली धूळ!

पेशा जरा जास्तच जोरदार झालाय, खरं सांगायचं तर. तीन मागण्यांत एवढं साठायला नको. पुढच्या खेपेला बघू. पण मी गोष्ट सांगणारी, मला एक गोष्ट नक्की कळते: टेबलावर प्रत्येकाचा जीव वरखाली झाला, आणि प्रत्येकाला वाटलं की आपल्यामुळे जिंकलो. एका पेशाकडून याहून जास्त काय हवं? आई उठल्या नाहीत. अंधार पडला, दिवा लावला, तरी बसल्याच होत्या. "त्या दगडाच्या मागे काय आहे?" विचारत होत्या. सांगितलं नाही.

आणि मग, फासे डबीत भरता भरता, खुशीत म्हणाल्या, "मजा आली हो. जायच्या आधी अजून चारपाच रविवार मिळतील ना?"


सोमवार, २६ फेब्रुवारी

पेशा जमला, माप बसलं, बाई रमली, आणि बाई चाललीच! माझं सगळं गणित हेच होतं ना, की रमल्या तर राहतील? रमल्यात. तरी चालल्यात. कारखान्यात एक काच घासता घासता फोडली, मालकांची बोलणी खाल्ली.

ह्याला परत म्हटलं. परत तेच, "तिने ठरवलंय." मी चिडले, "तू काय म्हणालास त्यांना?" "मी काय म्हणणार?" "म्हणजे काहीच नाही?" तोही चिडला. "तू तरी काय म्हणालीस?"

मी म्हणाले, मी त्यांच्यासाठी अख्खा पेशा लिहिला! दोनदा, तीनदा, चारदा लिहिला!

तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण म्हणालीस काय?"


बुधवार, २८ फेब्रुवारी

विचारलं. आम्ही दोघांनी मिळून, सकाळी, चहा पिता पिता, सरळ. आई, जाऊ नका, राहा ना इथेच. आईंनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "धाकटीने ये म्हटलं, म्हणून निघाले होते. इथे मला राहा असं कुणी म्हटलंच नव्हतं."

राहताहेत.